विसाच्या खाली नको

खिल्लारे सरांच्या गाडीत बसायच्या आधी एक तोंडी परीक्षा होत असे. किती जण आहात, सामान काय आहे, येतानाही बसणार की फक्त जाताना, आणि ज्वारीचं पोतं असेल तर ते अर्धं की भरलेलं. बसायला आलेल्या माणसाला वाटे, सरांनी नुसतं दार उघडावं. पण सर आधी चारही चाकं अंगठ्यानं दाबून बघत, आभाळाकडे बघून वारा कुठून आहे ते ताडत, मनातल्या मनात काहीतरी वजा करत आणि मगच 'बसा' म्हणत. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. उत्तर निघाल्याशिवाय त्याला पुढचं पाऊल टाकता येत नसे.

आमचं गाव राणीसावरगावच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आहे. गावातल्या शाळेत मी मराठी शिकवायची आणि सर गणित. शाळेमागच्या प्लॉटिंगमध्ये आमची घरं समोरासमोर. मी कदमांची सून, म्हणजे गावाच्या भाषेत 'आपल्यातली'. सर बौद्ध. त्यांच्या वडिलांनी जन्मभर गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे दिवस काढले. सरांनी ओढा ओलांडून घर बांधलं ते मी सून म्हणून आले त्याच्या मागेपुढे. या गोष्टी मी मुद्दाम आधीच सांगते आहे. त्या न सांगता सरांविषयी लिहिता येईल असं मला बराच काळ वाटत होतं, पण येत नाही.

सर निवृत्त झाले आणि त्याच सुमारास त्यांच्या बायकोची, सुमनताईंची, दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि ते परभणीला. पहिलं वर्ष एसटीनं काढलं. डायलिसिस करून आलेलं माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखं असतं. त्याला उन्हात गंगाखेडच्या स्टँडवर बसवून दुसऱ्या गाडीची वाट बघायची म्हणजे काय, ते मी दोन-चार वेळा सोबत जाऊन पाहिलंय. मग सरांनी विजेवरची गाडी घेतली. पांढरी, छोटी, तालुक्याच्या या टोकाला तरी पहिलीच.

त्यांचा पुण्याचा मुलगा म्हणत होता, दोन्हीवर चालणारी घ्या, पेट्रोलही आणि प्लगही. म्हणजे अडचण नको. सरांनी त्यावर महिनाभर अभ्यास केला आणि नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं मला त्यांनी फळ्यावर समजावावं तसं समजावलं. अशा गाडीत बॅटरी लहान असते. रोज बाजारापर्यंत जाणाऱ्याला आणि कधीमधी लांब जाणाऱ्याला ती फार चांगली. रोजचं विजेवर भागतं, लांबचं पेट्रोलवर. पण आपलं जाणं एकच आणि ठरलेलं. त्यात पहिल्या टप्प्यालाच बॅटरी संपणार आणि पुढं दोन यंत्रांचं ओझं घेऊन पेट्रोल जाळत जायचं. मग ती 'दोन्हीवर चालणारी' कसली, दोन्हीचं वजन वाहणारी झाली, असं सर म्हणाले.

गाडी आली त्या दिवशी सगळं प्लॉटिंग जमलं. प्रत्येकाचा एकच प्रश्न, ॲव्हरेज काय देती. सरांना तो प्रश्न फार आवडायचा, कारण त्याचं उत्तर लांब होतं. कंपनी सांगते तीनशेच्या वर. तो आकडा कुठून आला? एका बंद खोलीत, गाडी फिरत्या रुळांवर ठेवून, ना वारा, ना चढ, ना एसी, आणि आत एकटा ड्रायव्हर, अशी चालवून काढलेला. आकडा खोटा नाही, पण तो त्या खोलीतला आहे. आपल्या रस्त्यावर, आपल्या उन्हात, दोनशेच्या आत धरायचं. पेट्रोलच्या गाडीचंही असंच असतं, पण तिथं पंप ठिकठिकाणी असतात म्हणून आपली फसगत झालेली आपल्याला कळत नाही. आणि लिटर विसरा, म्हणायचे सर. एका युनिटला किती किलोमीटर गेली ते बघा. हळू गेली की सात, घाईनं गेली की पाच. गाडी तीच, बॅटरी तीच, फरक पायाचा.

लोक मान डोलावून ऐकत आणि शेवटी पुन्हा विचारत, "म्हंजी तीनशे जाती ना सर?"

गाडी ते अशी चालवत की उसाचे ट्रॅक्टरसुद्धा त्यांना मागं टाकून जात. मागचा हॉर्न वाजवून बेजार झाला तरी सरांचा पाय हलत नसे. पण त्यांचं खरं कसब होतं ते डोंगराच्या उतारावर. आमच्याकडून गंगाखेडला जाताना रस्ता खाली गोदावरीकडे उतरतो. तिथं सर पाय उचलून घेत, गाडी स्वतःच अडखळल्यासारखी हळू होई आणि बॅटरीत थोडी वीज परत जमा होई. 'कमवायली बगा', सर म्हणत, आणि पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखा चेहरा करत. त्यामुळे गंगाखेडला पोचेपर्यंत समोरच्या पडद्यावर अजून किती जाईल तो आकडा फुगलेला असे. तो बघून भुलायचं नाही, हे त्यांचं पहिलं सूत्र. गाडीला पुढचा रस्ता माहीत नसतो, ती मागचा बघून बोलते. येताना चढ आहे हे आपण लक्षात ठेवायचं.

आणि येताना एसी आहे, हे दुसरं. जाताना सुमनताई एसी लावू देत नसत. मे महिन्यात, काच खाली घेतली तर वाऱ्यानं गाडी ओढली जाते म्हणून तीही बंद, आणि आत दोघंही घामानं निथळतायत, असं मी मागच्या सीटवर बसून अनुभवलंय. पण परतताना सर बटण दाबत. सुमनताई डोळे मिटल्या मिटल्या म्हणत, "बंद करा, पुरायचं न्हाई." सर म्हणत, "तुझ्यासाठीच राखून ठिवलंय." आणि खरंच राखलेलं असे. सकाळी बॅटरी शंभर टक्क्यांवर भरून निघायचं, परभणी करून यायचं, परतीला एसी, वर चढ, आणि दारात गाडी उभी राहील तेव्हा आत विसाच्या खाली नको. विसाच्या खाली बॅटरीचं आयुष्य कमी होतं, असं ते म्हणत. पण मला वाटतं त्यांना ते वीस दुसऱ्याच कशासाठी हवे असत. बाईला मध्येच काही झालं, कुठं वळावं लागलं, तर हाताशी असावेत म्हणून. त्या गाडीचा सगळा हिशेब एका बाईच्या आठवड्यातल्या दोन फेऱ्यांवर बसवलेला होता. हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणून पुढं जे झालं ते न कळता झालं असं कोणी म्हणू नये.

पहिल्यांदा चावी मागायला आला तो बाळासाहेब. गावातल्या जुन्या मोठ्या घराचा हा धाकटा मुलगा, चाळिशीचा, गोड बोलणारा, खादीचा नसला तरी तसाच पांढरा शर्ट घालणारा. त्याच्या घरी दारात डिझेलची जीप उभी असते. पण पुतणीला बघायला पाहुणे येणार होते आणि पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला नवी गाडी बरी दिसते. तो सरांच्या अंगणात आला आणि म्हणाला, "जयभीम, सर."

मी समोरच्या ओट्यावर तूर पाखडत होते. हातातलं सूप हातातच राहिलं. त्या घरातल्या कोणाच्या तोंडून हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. सर तर उभेच राहिले. त्यांनी त्याला आत बसवलं, चहा दिला, तो त्यानं घेतला. मग सरांनी स्वतः गाडी पुसून दिली, चावी हातात ठेवली आणि सांगितलं, शंभराला आहे, विसाच्या खाली येऊ देऊ नका. बाळासाहेबानं 'बिलकुल, सर' म्हटलं. गाडी संध्याकाळी आली तेव्हा आकडा तिसावर होता आणि मागच्या सीटवर पेढ्यांचा पुडा होता.

त्यानंतर चावी फिरू लागली. बाळासाहेब झाला, त्याचा चुलतभाऊ झाला, सोसायटीचा चेअरमन झाला, पोळ्याला नवी बैलं बघायला जाणारे झाले. आमच्याकडे एक रीत आहे, आणि ती मोडलेली मी कधी बघितली नाही. दुसऱ्याची गाडी न्यायची तर परत करताना तेल टाकून द्यायचं. दोन पायल्या ज्वारी उसनी नेऊन न फेडणारा माणूससुद्धा जीप परत करताना टाकीत डिझेल टाकतो. नाही टाकलं तर गावभर नाव निघतं. सरांच्या गाडीत टाकायला काही नव्हतं. तेल लागत नाही म्हणजे नेल्यानं काही जात नाही, असा सगळ्यांनी सोयीचा अर्थ काढला. रात्रभर भिंतीला वायर लावून भरलेली वीज, दहा-दहा तासांची, ती काही गेली असं कोणाला वाटेना. गाडी आठावर येई, दहावर येई, पायपुसण्यावर चिखल असे. पुडेही पुढं बंद झाले. 'जयभीम' मात्र चावी हवी असेल तेव्हा न चुकता होई. नको असेल तेव्हा नुसती मान हले, कधी तीही नाही.

मी सरांना स्पष्ट म्हटलं, नाही म्हणायला शिका. एवढी गणितं करता, हे एवढं साधं तुम्हाला दिसत नाही का. त्यावर ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खाली बघत, जरा चाचरत बोलले.

"मॅडम, आमच्या बापाला ह्यांच्या ओट्यासमोरून पायतान घालून जाता येत नव्हतं. हातात घिऊन जायचा. मी बगितलंय. आज त्यांचं लेकरू माझ्या दारात यिऊन मागायलाय. आन मी न्हाई मनू?"

आत सुमनताई भाजी निवडत होत्या, निवडता निवडताच म्हणाल्या, "मागायलेत ते गाडी. तुमाला कुटं मागायलेत?"

सर उठून गाडीला वायर लावायला गेले. त्या दोघांत हा एकच वाद होता आणि तो असाच संपे. सुमनताईंना शिक्षण सातवीपर्यंतचं, पण माणसांच्या बाबतीत त्या कधी आकड्याला भुलल्या नाहीत. सर भुलत. कोणी घरी आलं, चहा घेतला, 'सर' म्हटलं, की सरांच्या आतला आकडा फुगत जाई. इतकं कमावलं, आता इतकं पुढं जाता येईल, असं त्यांना खरंच वाटायचं. मला त्यांचा राग येई आणि दयाही येई, आणि दोन्ही त्यांना दाखवता येत नसे.

त्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. सुमनताईंची परभणीची पाळी दुसऱ्या दिवशी होती. दुपारी बाळासाहेब आला. सासरचे लोक गंगाखेडच्या स्टेशनला सोडायचे आहेत, तासाभरात गाडी दारात, असं म्हणाला. गाडी शंभरावर होती. सरांनी उघड हिशेब केला. गंगाखेड जाऊन-येऊन सत्तर-पंचाहत्तर उरेल, रात्री लावली की सकाळी पुन्हा भरेल. त्यांनी सांगितलं, उद्या हिला न्यायचंय. बाळासाहेब म्हणाला, ते काय आम्हाला ठाऊक नाही का सर. सुमनताई बाजेवर पडल्या होत्या, त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

संध्याकाळी गावाची डीपी जळाली. उन्हाळ्यात ती जळतेच. जळाली की दोन दिवस, चार दिवस अंधार. आणि गाडी आलीच नाही. फोन लावला तर बंद. सकाळी उन्हं वर आल्यावर बाळासाहेबाचा चुलतभाऊ गाडी घेऊन आला, अंगणात लावली आणि चावी खिडकीत ठेवून निघून गेला. स्टेशनवर रेल्वे चुकली म्हणून पाहुण्यांना थेट परभणीला नेलं होतं. पाच माणसं, एसी, आणि उशीर झालेला म्हणून सुसाट. तिकडं बाजारही झाला. खाली उतरताना पडद्यावर भरपूर दिसत होतं म्हणे. येताना चढानं खाल्लं. रात्री गंगाखेडला मुक्काम केला, तिथं लावायचं कोणाच्या मनात आलं नाही. आकडा नवावर होता.

सर गाडीत जाऊन बसले. मी काचेजवळ गेले तर त्यांचे ओठ हलत होते. नवात किती, उतारानं गंगाखेडपर्यंत पोचेल का, तिथल्या पंपावरचं चार्जर चालू असेल का, तो तर बहुतेक वेळा बंदच असतो, राणीसावरगावात वीज असेल तर तिथं लावून किती तासांत किती. सत्तर असते तरी भागलं असतं, मॅडम, ते म्हणाले, बिनाएसीचं गेलो असतो, तिथं दवाखान्याजवळ लावली असती. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग ते उतरले. त्या गणिताला उत्तर नव्हतं.

सकाळची एसटी निघून गेलेली, पुढची दुपारी. गंगाखेडच्या भाड्याच्या गाड्यांना फोन लावले. लग्नसराई, एकही मोकळी नाही. तेव्हा सर आयुष्यात पहिल्यांदा बाळासाहेबाच्या घरी काही मागायला गेले. मी सोबत गेले. जीप अंगणात उभी होती. बाळासाहेब त्याच गाडीनं परत येऊन रात्रीच्या जागरणानं झोपला होता. त्याची आई म्हणाली, उठू द्या, आता कुठं डोळा लागलाय. मला आतून पाट आला. सर ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले, कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून बसले. मी पाटावर बसले नाही, उभी राहिले, आणि त्या म्हाताऱ्या बाईला दोनदा म्हटलं की एक माणूस जगण्या-मरण्याच्या दारात आहे, लेकाला हाक मारा. तिनं हाक मारली, पण ती हाक कोणाला उठवण्यासाठी मारलेली नव्हती.

तो उठला तेव्हा ऊन तापलं होतं. डोळे चोळत, चांगल्या मनानं म्हणाला, "न्या की सर, तुमाला न्हाई मनतो का? डायवर जेवून यील आता. फकस्त टाकी कोरडी हाय बगा, डिझल टाकून घ्या."

त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. रीतच ती. सरांनीही मान हलवली आणि 'हाव, टाकतो ना' म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तो वाद घालायचा वेळ नव्हता.

जीपनं आम्ही परभणीला पोचलो तेव्हा सुमनताईंची वेळ टळून गेली होती. त्यांच्या यंत्रावर दुसरं माणूस होतं, त्याच्यामागं तिसरं. तिथल्या मुलीनं हळहळून सांगितलं, उद्या सकाळी पहिला नंबर लावते. आम्ही सरांच्या साडूकडे मुक्कामाला राहिलो. संध्याकाळपासूनच सुमनताईंना श्वास पुरेना. पुन्हा दवाखान्यात नेलं, धावपळ झाली, आणि सकाळ व्हायच्या आत सुमनताई गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयावर आधीच ताण होता, पुढंमागं हे होणारच होतं. हे वाक्य त्यांनी सरांच्या समाधानासाठी उच्चारलं असेल. पण ते आमच्या आधी गावात पोचलं आणि गावानं ते घट्ट धरून ठेवलं. होणारच होतं. त्यांचं आयुष्यच तेवढं. मी ज्याला त्याला म्हणत सुटले, की होणारच होतं तर त्या बाईनं आठवड्यातून दोनदा तिथवर मरायला जायचं कशाला मग. लोक माझ्याकडे बघून विषय बदलत.

सुमनताईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गाव आलं होतं. बाळासाहेब पहिल्या रांगेत होता. तो बोललासुद्धा. सुमनताई आम्हाला आईच्या जागी होत्या, सर म्हणजे गावाचं भूषण, असं बरंच. बोलणं चांगलं झालं. जेवणाची पानं मांडली तेव्हा मात्र पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना एकदमच शेतातली कामं आठवली. मी पंगतीत बसले होते. माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. सर वाढत होते. त्यांनी रिकाम्या पानांकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाला वरण वाढलं.

त्यानंतर काही महिने सर गाडीला वायर लावत, गाडी भरत, आणि ती अंगणात उभी राही. आठवड्याचे ते दोन दिवस सकाळी ते चाकं दाबून बघत. जायचं कुठंच नसे. मी चहा घेऊन गेले तर जुन्या विद्यार्थ्यांविषयी बोलत, पावसाविषयी बोलत. सुमनताईंचं नाव काढत नसत. बाळासाहेबाविषयी त्यांनी एक वाकडा शब्द उच्चारला नाही, आणि त्यामुळे मला त्यांच्याशी बोलणं अवघड होऊन बसलं. मला त्यांच्या तोंडून शिवी ऐकायची होती. एकदा तरी.

दिवाळीच्या आधी बाळासाहेब आला. मी सरांकडेच होते. पायरीवरूनच 'जयभीम, सर' झालं. पुतणीच्या साखरपुड्याचं सामान आणायचं होतं. सर खुर्चीवरून उठले नाहीत.

"गाडी भरलेली हाय, बाळासाहेब," ते म्हणाले. "शंभरावर हाय. पर द्यायची न्हाई."

बाळासाहेब हसला. त्याला वाटलं सर चेष्टा करतायत. मग सरांच्या चेहऱ्याकडे त्यानं नीट पाहिलं आणि त्याचं हसू ओसरलं. कामून, असं त्यानं विचारलं. त्यांना कारण द्यायचं असतं तर कारण अंगणातल्या गाडीच्या रिकाम्या सीटवरच होतं, पण त्यांनी ते त्याला दाखवलं नाही. तो वळला. फाटकापर्यंत गेल्यावर त्यानं मागं न बघता एक शब्द उच्चारला. पुटपुटला नाही, ऐकू जाईल असाच बोलला. तो शब्द मी इथं लिहिणार नाही. त्याच्या आजाच्या तोंडी तो रोज असे, असं जुने लोक सांगतात. इतकी वर्षं गावात तो कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं आणि मी मास्तरीण, मला वाटत होतं की शब्द वापरात नसला की मरतो. तो मेला नव्हता. त्या घरानं तो नीट सांभाळून ठेवला होता आणि सरांच्या एका 'नाही'ला तो बाहेर आला.

मी उठून फाटकाकडे धावले. काय बोलले ते मला आठवत नाही. वाईट बोलले एवढं खरं. बाळासाहेब म्हणाला, "वहिनी, तुमी आपल्यातल्या आसून..." आणि वाक्य तसंच सोडून निघून गेला. मी परत आले तेव्हा सर तसेच बसले होते. चेहऱ्यावर राग नव्हता. फार मोठा प्रवास करून आलेल्या माणसासारखे ते दमलेले दिसत होते. मी म्हटलं, पोलिसांत जाऊ, मी साक्ष देते. त्यांनी नकाराची मान हलवली. "कशाला, मॅडम," ते म्हणाले. "सुमन असती तर मी गेलो असतो."

दिवाळीनंतर त्यांनी घराला कुलूप लावलं आणि पुण्याला मुलाकडे जायचं ठरवलं. रेल्वेनं जा म्हटलं तर ऐकलं नाही. वाटेत कुठं कुठं लावायला मिळेल ते सगळं शोधून ठेवलं होतं. दोन दिवस लागतील, पण जाईन म्हणाले. सकाळी मी डबा घेऊन गेले. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. त्यांनी तो पुढच्या सीटवर, सुमनताईंच्या जागेवर ठेवला आणि त्याच्याभोवती पट्टा लावला, डबा सांडू नये म्हणून. मला म्हणाले, "मॅडम, घराकडं ध्यान ठिवा," आणि मग लगेच, "न्हाई ठिवलं तरी चालंल."

त्या गाडीला आवाज नव्हता. फाटकातून बाहेर पडली, शाळेला वळसा घालून डांबरी रस्त्याला लागली, तरी गल्लीत एक दार उघडलं नाही. सर गेले हे गावाला दुपारी कळलं.

संध्याकाळी बाळासाहेबाची आई काठी टेकत माझ्या ओट्यावर आली. बसली, पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली. मग समोरच्या रिकाम्या अंगणाकडे बघत तिनं विचारलं, "गाडी बी घिऊन गेला का गं मास्तर?"

मी हो म्हटलं. ती हळहळली. खरंच हळहळली, जीभ टाळ्याला लावून. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "आता पाव्हण्याला ठेसनावरून कशात आणावं, बाई."